पालखी वळली होती

माझा मामा भागोजी हा मला भेटलेला सगळ्यात न्यायी माणूस, आणि माझ्या आईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अन्याय त्यानेच केला. ही दोन्ही विधानं मी शपथेवर सांगेन. रत्नागिरीच्या कोर्टात सोळा वर्षं वकिली करतेय, शपथेवर काय सांगावं आणि काय गिळावं एवढी अक्कल मला आली आहे. मामाबद्दल मात्र मी फार दिवस गिळून बसले, ते आज सांगून टाकते.

मामा मुंबईत एका लॉ कॉलेजात शिपाई होता. वर्गाच्या दाराशी स्टूल टाकून बसायचा आणि आतलं कानावर पडेल ते ऐकायचा. न्याय म्हणजे काय, कायदा कोणी करावा, कोणी पाळावा, हे एकाच मास्तरांचं एकच लेक्चर त्यानं सत्तावीस वर्षं ऐकलं. "पोरं एकदा ऐकून पास व्हायची, मी अजून नापासच हाय," असं म्हणून स्वतःच खदाखदा हसायचा.

मे महिन्यात रजा काढून तो गावी येई. आमचं बेलकोंड देवरुखच्या वर, डोंगराच्या अंगाला. तिथेच त्याचं घर आणि तिथेच, शंभर पावलांवर, माझ्या आईचं. गावातल्या गावातच दिलेली बहीण. माझे बाबा लवकर गेले, त्यामुळे मला बापाच्या जागी मामाच. फणस फोडला की मामा आम्हा पोरांना सांगायचा, "जो गरे वाटील त्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा." मग काय बिशाद कोणाची वाटा कमीजास्त करायची! एकदा मी दहा वर्षांची असताना मला समोर बसवून म्हणाला, "मृणाले, समज तू अजून जन्माला आली नाहीस. येणार हायेस याच वाडीत, पण कुठल्या घरात ते तुला म्हायत नाय. विहिरीजवळच्या की डोंगरावरच्या, म्हायत नाय. आता सांग, पाण्याची पाळी कशी लावशील?" मी पुष्कळ वेळ विचार केला. त्या दुपारी मी वकील झाले असं म्हणायला हरकत नाही. सनद पुढे पंधरा वर्षांनी मिळाली.

निवृत्त होऊन मामा गावी आला आणि वर्षाच्या आत गावानं त्याला गावकीचा प्रमुख केलं. गावकी म्हणजे गावातल्या घरांची बैठक. बांधाचे तंटे, पाण्याच्या पाळ्या, देवळाचे मान, सगळं तिथंच ठरतं. पूर्वी तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचा न्याय असे. मामानं दोनशे पानी वही आणली आणि नियम लिहायला घेतले. तक्रार असेल त्यानं देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, नारळ ठेवायचा. निकाल लागेपर्यंत तो नारळ कोणी हलवायचा नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. माणूस बघून दंड बदलायचा नाही. आणि नियम बदलायचा तर वर्षातून एकदा, शिमग्याच्या बैठकीत, मुंबईकर चाकरमानी घरी आलेले असताना, सगळ्यांच्या एकमतानं. लोक खूष झाले. मी तर कोर्टात सगळ्यांना सांगत सुटले होते, माझ्या मामानं गावाची घटना लिहिली म्हणून!

एक जुना नियम मात्र त्या वहीत तसाच राहिला. गावकीत नारळ ठेवलेलं प्रकरण निकालाआधी कोणी पोलिसांत, कचेरीत नेलं, तर त्याच्या घरी शिमग्याची पालखी जायची नाही. त्यानं माफीचा नारळ ठेवीपर्यंत नाही. मामाला तो नियम पटत नव्हता. दोन शिमगे त्यानं तो काढायचा विषय घेतला, आणि दोन्ही वेळा आईच्या शेजारचा रावजी आडवा आला. एकमत झालं नाही. मामा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

आमच्याकडे पालखी दारात येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. वर्षभर आपण देवाकडे जातो, शिमग्याला देव आपल्याकडे येतो. माणसं नोकरीवर लाथ मारून येतात. आईला तर बाबांच्या पाठीमागं तेवढंच एक माणूस घरी येणारं होतं, असं ती म्हणायची. माणूसच म्हणायची ती देवाला.

बावीस साली रावजीनं आपला गडगा वाढवला. गडगा म्हणजे चिऱ्या-दगडांची रचलेली भिंत. ती त्यानं आईच्या पाणवठ्याच्या वाटेवर आडवी आणली. नळ गावात आलेत, पाणी यायचंय अजून. आई सासष्ट वर्षांची. पऱ्याकडून, म्हणजे ओढ्यातून उतरून, निसरड्या दगडांवरनं, दुप्पट लांबून कळशी आणू लागली. तिनं रीतसर सहाणेवर नारळ ठेवला. मी म्हटलं, आता काळजी नाही, मामा बसलाय.

मामा बसला होता खरा. पण जमीन रावजीनं मुलाच्या, नितेशच्या, नावावर केलेली. नितेश लोट्याला केमिकलच्या कंपनीत. गावकी पौर्णिमेला, आणि नितेशला नेमकी पौर्णिमेलाच शिफ्ट! दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, म्हणून मामानं तारीख दिली. पुन्हा दिली. सात महिने दिली. हो, आमच्या कोर्टाला नावं ठेवणाऱ्या माझ्या मामानं सात महिने तारखा दिल्या. सहाणेवरचा नारळ वाळून खडखडायला लागला. "दादा, तो मुद्दाम येत नाय, सगळ्या गावाला म्हायत हाय," आई म्हणाली. मामा म्हणाला, "मला पण म्हायत हाय, चिमे. पण ऐकल्याबिगर कसं ठरवू? उद्या तुझ्याविरुद्ध कोण असंच ठरवील."

डिसेंबरात आई पऱ्यात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मग माझं डोकं फिरलं. मी तहसीलदारांकडे वाट मोकळी करून मागणारा अर्ज लिहिला, तिच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि देवरुखला स्वतः नेऊन दिला. तो नियम मला ठाऊक होता. तरी लिहिला. म्हटलं, बघू कोण पालखी अडवतं ते. दोन महिन्यांच्या आत स्थळपाहणी झाली, आदेश झाला. आईचा फोन आला, आनंदानं नुसती किंचाळत होती, "सायबानं गडगा तोडायला लावलान गो! वाट मोकळी केलीन!"

शिमगा तीन आठवड्यांवर आला होता.

मामा आईकडे आला तेव्हा मी घरात होते. तो ओटीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "चिमे, माफीचा नारळ ठेव. नुसता ठेव, कोण काय विचारणार नाय. पालखी येईल."

"ठेवते," आई म्हणाली. "माझी चूक काय झाली तेवढी सांग."

मामा म्हणाला, "चूक नाय झाली. पण नियम हाय."

"नियम बरोबर हाय?"

"नाय. चुकीचा हाय. या शिमग्याला मी परत विषय काढतोय. नाय झालं तर पुढच्या."

"आणि तोवर?"

"तोवर नियम हाय तो हाय. मी रावजीच्या बायकोला तीन वर्षांमागं ह्याच नियमावर पालखी नाय दिली. ती पण रडली व्हती. आता बहीण म्हणून तुला दिली, तर ती माझ्या तोंडावर थुंकंल, आणि बरोबर थुंकंल." मग त्यानं ते आपलं लाडकं काढलं, "तू समज, तू अजून जन्माला आली नाहीस, आणि कुठल्या घरात येणार ते तुला म्हायत—"

"मी जन्मलेय रे दादा," आई म्हणाली. "सासष्ट वर्षं झाली. आणि घर पण म्हायत हाय मला. ह्याच घरात बसलेय मी, तू समोर बसलायस."

मी मध्ये पडले, आवाज चढवून. म्हटलं, मामा, सोळा सालचा कायदा आहे, असा बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद आहे, मी तक्रार करीन, तुझं नाव पहिलं घालीन. मामा मान हलवून म्हणाला, "कर. तुझा हक्क हाय तो." खरंच म्हणाला, टोमणा नव्हता. पण आई माझ्यावर उसळली, "भावाला तुरुंगात घालून देव घरात आणायचा व्हय? तोंड बंद कर!" आणि मामा गेल्यावर मला म्हणाली, "तू बघ, माणसं अडवतील. पालखी ऐकते व्हय त्यांचं? ती वळंल."

आमच्याकडची समजूत आहे ती. पालखी खांद्यावर माणसं घेतात पण चालते देवाच्या मनानं. कधी जड होते, कधी एखाद्या दारी थांबून हलतच नाही. लोकांनी पाहिलंय.

तेवीस सालच्या शिमग्याच्या बैठकीत रावजी, "माझ्या घरानं भोगलंय, मग दुसऱ्यांनी का नाय?" म्हणत पुन्हा आडवा आला. दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या वाडीत येणार. आईनं मोडक्या मनगटानं अंगण सारवलं. मला हात लावू दिला नाही. रांगोळी घातली, ओटीचं ताट भरलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि उंबऱ्यात उभी राहिली. मी म्हटलं, आये, बस जरा. तर म्हणाली, देव यायच्या वेळेला कोणी बसतं का गो?

ढोल जवळ आले. रावजीकडची पूजा आटोपून पालखी निघाली ती नेमकी त्या वाटेनं, आईनं मोकळी करून घेतलेल्या वाटेनं. पुढे मामा, डोक्याला फेटा, नजर सरळ. पालखी आमच्या अंगणाच्या तोंडाशी आली आणि वळली.

मी देव मानणारी बाई नाही. पण मी ते बघितलं. पुढचे दोघे भोई आमच्या दाराकडे ओढले गेले, दांडा वळला, मागच्यांचे पाय अडखळले, ढोलवाल्याचा हात थांबला. आई ताट घेऊन दोन पावलं पुढे आली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कोणाच्या तोंडावर बघितलेलं नाही. आणि मामानं मागे फिरून दांड्यावर हात ठेवला आणि पालखी सरळ केली.

पालखी पुढे गेली. आई ताट घेऊन तशीच उभी. ढोल पऱ्यापलीकडे गेल्यावर ती आत आली, ताटातली साडी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि म्हणाली, "त्याचा हात थरथरत व्हता, बघितलंस?" मला तिचाच राग आला. तरी तिला भावाचाच हात दिसला!

आई त्याच वर्षी श्रावणात गेली, झोपेत. सगळा गाव आला. रावजी खांदा द्यायला आला, नितेश शिफ्ट टाकून आला. मामा तिरडीमागून चालत आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. मी त्याच्याशी बोलले नाही.

पुढच्या शिमग्याला तो नियम निघाला. मामानं विषय काढला, रावजीनंच पहिला हात वर केला. चहा यायच्या आत एकमत झालं म्हणे. मामानं वहीतली ती ओळ खोडली, सही केली, आणि तिथंच गावकीचं प्रमुखपण सोडलं. पालखी आईच्या बंद घरासमोर नेऊन थांबवली लोकांनी. मी गेले नव्हते.

मेच्या सुरुवातीला, कोर्टाला सुट्टी लागायच्या आधी, मामा रत्नागिरीला आला. कोर्टात दुपारच्या सुट्टीत, वकिलांच्या खोलीत, माझ्या टेबलासमोर उभा. अंगात इस्त्रीचा सदरा, पक्षकार घालून येतात तसा. मी बस म्हटलं नाही, तो बसला नाही. खिशातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेला, मी भागोजी अमुक तमुक, कबूल करतो की. तारीख, वार, वाट, अंगण, पालखी, हात. साक्षीदारांची नावं. एकही खोटी ओळ नाही, स्वतःला वाचवणारा एक शब्द नाही.

"तू तिची वारस हायेस," तो म्हणाला. "माझ्यावर गुन्हा घाल. त्या कायद्यात बसतं ते, मी वाचलंय."

मी म्हटलं, "नियम होता ना, मामा?"

"नियम व्हता. मी त्याच्या आड उभा राह्यलो. पालखी वळली, तेव्हा मला कळंना, देवानं वळवलीन की भोयांना दया आली. मला वाटलं, दया आली असंल, आणि दयेनं नियम मोडला तर उद्या रागानं पण मोडतील. एवढा विचार केला मी, तेवढ्या येळात. चिमीकडं बघायचं सोडून एवढा विचार केला." "माझा निकाल लाव, बाय. मला काय ती शिक्षा होऊ दे."

मला त्याची दया आली नाही. खरं तेच सांगते. मला दिसत होतं आईचं ताट. मी कागद त्याच्याकडे सरकवला. "तुला शिक्षा हवी आहे, कारण शिक्षा झाली की सुटशील. सत्तावीस वर्षं ऐकलंस ना, शिक्षा भोगली की माणूस मोकळा होतो? मी तुला मोकळा करणार नाही. मी तक्रार करणार नाही, आणि माफही करणार नाही. असाच राहा."

त्यानं कागद चार घड्या करून खिशात ठेवला. "जेवलीस का?" असं विचारलं. मी म्हटलं, माझी मॅटर पुकारतील आता. तो गेला. खिडकीतनं दिसला, एसटी स्टँडच्या बाजूला चालताना, अगदी कडेकडेनं.

त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. तब्येत, पाऊस, काजूचा मोहोर. तो विषय त्यानं एकदाही काढला नाही. पण फोन ठेवायच्या आधी थोडा थांबायचा. मला कळायचं तो कशाला थांबतोय. मी "ठेवते" म्हणायचे.

राग जन्मभर पुरेल असं मला वाटलं होतं. नाही पुरला. जानेवारीत एका अशिलाचा वाटेचाच अर्ज लिहीत होते, आणि मध्येच हात थांबला. आईचा अर्ज कोणी लिहिला होता? नियम ठाऊक असताना, बघू कोण अडवतं म्हणून, तिच्या डाव्या हाताचा अंगठा कोणी घेतला होता? तिला माझ्याकडून तेव्हा कळशी आणून देणारं माणूस हवं होतं कदाचित, एखादा महिना गावी राहणारी मुलगी. मी तिला कायदा दिला. मामानंही तेच दिलं. एकाच माळेचे मणी आम्ही, आणि मी त्याला आरोपी करून बसले होते. त्या दिवशी मी खूप रडले. आणि ठरवलं, मामाला माफ करायचं.

तेव्हाच फोन उचलायचा होता. पण मला वाटलं, ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे? रीतसर व्हायला हवं. शिमग्याला घर उघडायचं, पालखी दारात घ्यायची, चार माणसांसमोर मामाला अंगणात बोलवायचं आणि सांगायचं. आईच्या उंबऱ्यात सांगायचं. सहा-सात आठवड्यांचा तर प्रश्न. रविवारी मामाचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "शिमग्याला येतेय." तो थांबला. मी "ठेवते" म्हटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मामा गेला. होळी पंधरा दिवसांवर होती.

मी पोचले तेव्हा त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. सावित्रीमामी माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "काल रात्री विचारत व्हते, मृणालीनं काय कळवलान का? मी म्हटलं, शिमग्याला येते म्हणालीय, तुम्हीच तर सांगितलंत. तर म्हणाले, व्हय, मग शिमग्यापर्यंत थांबूया. आणि झोपले."

मामी मला विचारत होती, तुझं काय काम होतं गो त्यांच्याकडं? मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? माफी माझ्याकडे महिन्याभरापासून तयार होती, आणि मी त्याला तारीख दिली होती.